शेकलेल्या कातड्याचा सूर

महाड-पोलादपूरच्या गावांत शिमग्याला पालखीपुढे वाजवण्याआधी कातडी डफ, टिमकी जाळावर शेकतात. का? कातड्यातले कोलॅजनचे तंतू हवेतला ओलावा शोषून सैलावतात आणि आवाज बसतो. उबेने ओलावा उडतो, तंतू आखडतात, ताण वाढतो, सूर चढतो. ताण चौपट झाला की कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे सूर एक सप्तक वर जातो. जास्त शेकलं तर मात्र कातडं तडकतं. प्लास्टिकचा पडदा ओलावा फारसा शोषत नाही, म्हणून त्याला शेक लागत नाही.

कातडी वाद्यांच्या नादाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. तबल्यावरच्या शाईच्या काळ्या लेपामुळे त्याचा नाद सुरेल कसा होतो, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं. शिमग्यातला वादक मात्र कातड्याचा ताण बोटांनी आणि कानांनी जोखतो. ही जाण नव्या पोरांनी आवर्जून शिकून घ्यावी.