तालीम उरली नावापुरती?

बुधवार पेठेत, लक्ष्मी रस्त्यावर मानाचा तिसरा गणपती बसतो, तो गुरुजी तालमीचा. १८८७ साली शिंदे आणि नालबन या हिंदू-मुसलमान घराण्यांनी मिळून तो बसवला. उत्सव आजही दिमाखात होतो. ज्या तालमीवरून नाव पडले ती तालीम मात्र राहिली नाही. पेठांतून हिंडताना मंडळांच्या पाट्यांवर ‘तालीम’ हा शब्द हमखास भेटतो. आत लाल माती असेलच असे नाही.

मग कुस्ती लोकांच्या मनातून उतरली का? तसे म्हणवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा प्रेक्षकांची दाटी होती. गावच्या जत्रांत अजून फड भरतात, हलगी कडाडते. बघणारे आहेत, प्रश्न आहे तो लंगोट कसून उतरणाऱ्यांचा.

बॉक्सिंगचे परदेशात उलटे झाले. १९७४ साली किन्शासाला महंमद अली आणि फोरमन लढले, तेव्हा साऱ्या जगाचे कान तिकडे लागले होते. पुढे मोठ्या लढती जादा पैसे मोजून बघायच्या वाहिन्यांवर गेल्या आणि घराघरांतला प्रेक्षक दुरावला. तिथे बघणारा तुटला, इथे लढणारा.

बँकेत जन्म गेल्याने मला आधी हिशेब सुचतो. दूध, तूप, बदाम असा खुराक वर्षानुवर्षे पुरवायचा आणि विसाव्या वर्षी गुडघा दुखावला, की सगळी रक्कम बुडीत खाती! पूर्वी या व्यवहाराला संस्थानिक जामीन असत. शाहू महाराजांनी कोल्हापूरला मल्ल पोसले, खासबागेचे मैदान बांधले. संस्थाने गेली, जामीनही गेला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. गहाणखते मी पुष्कळ पाहिली. इतके सत्कारणी लागलेले दुसरे आठवत नाही.

दुसरी अडचण जागेची. ऑलिंपिकची कुस्ती मातीवर नव्हे, गादीवर होते आणि गादी लागते बारा मीटर लांब-रुंद. वाड्याच्या पोटातल्या जुन्या तालमीत ती मावायची कशी? पेठेत जागेचे मोल असे, की हौद बुजवून गाळे काढणाऱ्याला वेड्यात कोणी काढणार नाही.

तरी सगळे संपले असे मानायचे कारण नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. ज्या मातीला मुलींनी शिवू नये असे म्हणत, तिथे आता त्या शड्डू ठोकत आहेत.

तालमीचे नाव लावणाऱ्या मंडळांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. मांडवाच्या खर्चातून दरवर्षी एका मुलाचा आणि एका मुलीचा वर्षभराचा खुराक उचला. नावाचे तेवढे व्याज द्यायला काय हरकत आहे?