दुर्गा खोटे : अभिनयप्रवास आणि सन्मान

भारतीय चित्रपटसृष्टीतील स्त्री-कलावंतांचा विचार करताना दुर्गा खोटे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना अनेक सन्मान लाभले. परंतु ज्या काळात त्यांनी चित्रपटात पदार्पण केले तो काळ लक्षात घेतल्याशिवाय या सन्मानांचा अर्थ उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने त्यांच्या अभिनयप्रवासाचा आढावा घेतला आहे.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, कारण ती करण्यास स्त्री मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, तरी समाजाची दृष्टी बदलली नाही. पुढे एकोणीस वर्षांनी तीच हरिश्चंद्राची कथा प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटासाठी निवडली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे.

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत जन्मलेल्या दुर्गाबाई या लाड कुटुंबातील. वडील सॉलिसिटर, शिक्षण इंग्रजी शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालयात, विवाह खोटे या संपन्न घराण्यात. सासरची आर्थिक घडी विसकटल्यावर दोन मुलांच्या संगोपनासाठी त्यांना अर्थार्जनाचा मार्ग शोधावा लागला. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी एक छोटी भूमिका केली. जाहिरातीत मात्र त्यांच्या अभिनयापेक्षा माहेर-सासरच्या नावांचाच गाजावाजा झाला. चित्रपट पडला आणि टीकेचा भडिमार दुर्गाबाईंना सोसावा लागला. ज्या प्रतिष्ठेच्या बळावर चित्रपट विकला जात होता, तीच प्रतिष्ठा घालवल्याचा दोष एका स्त्रीच्या माथी मारला गेला, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

'घरंदाज स्त्रियांना चित्रपटाचे दार उघडून देणारी अभिनेत्री' असे त्यांचे वर्णन सर्रास केले जाते. ते खोटे नाही, पण ते सावधपणे स्वीकारले पाहिजे. 'घरंदाज' हा शब्द वापरताच कमलाबाई गोखल्यांसारख्या आधीच्या कलावतींचे श्रम नकळत कमी लेखले जातात. दुर्गाबाईंचे यश केवळ कुलीनतेचे नव्हे. बोलपट आल्यामुळे स्पष्ट उच्चारांना एकाएकी मोल आले होते. मूकपटात गाजलेल्या रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना यांनाही हिंदी भाषा शिकून घ्यावी लागली. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती; संवाद आणि गाणे दोन्ही कॅमेऱ्यासमोरच ध्वनिमुद्रित होत. 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला आणि दुर्गाबाईंनी दोन्हींत आपली गाणी स्वतः गायिली. रेखीव चेहऱ्याला भाषेची आणि आवाजाची अशी जोड असणाऱ्या अभिनेत्री त्या वेळी फार थोड्या होत्या.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे त्यांचे स्वातंत्र्य. त्या काळी कलावंत एकाच कंपनीत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र प्रभातमध्ये काम केले, तसेच कलकत्त्याला न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता' (१९३४) या देवकी बोस दिग्दर्शित चित्रपटांतही. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तेथेच १९३६ साली प्रभातचा 'अमर ज्योती'ही पोहोचला. त्यातील सौदामिनी ही पुत्राचा ताबा नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणारी स्त्री. तारामतीची सोशिकता साकारणाऱ्या अभिनेत्रीने चार वर्षांत हे टोक गाठावे, यातच तिचा आवाका दिसतो. १९३७ मध्ये त्यांनी 'साथी' या चित्रपटाच्या निर्मितीतही पाऊल टाकले.

बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोन वर्षे, १९४२ व १९४३ साली मिळाला. पहिला आचार्य अत्रे यांच्या 'चरणों की दासी'साठी (मराठीत 'पायाची दासी'), दुसरा विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'साठी. पहिल्यात त्या सुनेला छळणारी सासू, दुसऱ्यात कैकेयी. प्रेक्षकांनी तिरस्कार करावा अशा भूमिकांसाठी हे सन्मान मिळाले, हे विशेष. नायिका म्हणून परिचित असताना, चाळिशीच्याही आत, सासूची भूमिका पत्करणे हा व्यावसायिक धोका होता. पण त्यामुळेच पुढची चार दशके त्यांना काम कमी पडले नाही. 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई पुत्रप्रेम आणि पतिनिष्ठा यांच्या कात्रीत सापडते. मोठ्या संवादांच्या त्या चित्रपटात दुर्गाबाई पुष्कळदा नुसत्या नजरेने बोलतात. 'बॉबी' (१९७३) आणि 'बिदाई' (१९७४) हे नंतरचे टप्पे. 'बिदाई'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

रंगभूमीशीही त्यांचे नाते दृढ होते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्यांचा सहभाग होता आणि वि. वा. शिरवाडकरांनी केलेल्या 'मॅकबेथ'च्या रूपांतरात, 'राजमुकुट'मध्ये, त्यांनी नायिकेची भूमिका केली. १९५८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६१ च्या दिल्ली येथील मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद आणि १९६८ ची पद्मश्री हे त्यानंतरचे सन्मान होत. १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने देविका राणी, सुलोचना आणि कानन देवी यांच्यानंतरच्या त्या चौथ्या स्त्री मानकरी ठरल्या. त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचे दिग्दर्शक शांताराम यांना हा सन्मान त्यांच्यानंतर, १९८५ सालासाठी मिळाला. ज्या भूमिकेसाठी फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, ती बोलपटात करणाऱ्या अभिनेत्रीला फाळक्यांच्याच नावाचा पुरस्कार मिळाला, हा योगायोग सहज नजरेत भरतो.

उत्तरायुष्यात त्यांनी दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था उभारून जाहिरातपट व लघुपट काढले. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली 'वागले की दुनिया' ही मालिका याच संस्थेची निर्मिती होय. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले होते. मिळालेल्या सन्मानांइतक्याच मोकळेपणाने त्यात 'फरेबी जाल'च्या वेळची मानहानीही नोंदवली आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले यांनी केला.