कशावरून?

दर्यापूरजवळ लासूरला आनंदेश्वराचे दगडी मंदिर आहे. शाळेची सहल तिथे गेली, की मुले विचारतात, "सर, हे किती जुने?" आपण सांगतो, "हेमाडपंती आहे, यादवांच्या काळचे." त्यावर एखादी मुलगी विचारते, "कशावरून?" विज्ञानाच्या तासाला या प्रश्नाचे आपण कौतुक करतो. इतिहासाच्या तासाला मात्र "पुस्तकात दिले आहे" म्हणून तो मिटवतो. वास्तविक इतिहासलेखनाची वाटचाल याच प्रश्नाच्या बळावर झाली आहे.

तिचा एक जुना टप्पा आपल्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला आढळतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रसंग पाहिले त्यांना गाठून विचारले आणि नागदेवाचार्यांकडून ते पडताळून घेतले. हेच 'लीळाचरित्र'. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. साहजिकच सगळ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत. पण हे भेद पुसून न टाकता, कोण काय सांगतो तेही पोथ्यांत नोंदले गेले. हेतू भक्तीचा होता, इतिहासाचा नव्हे. तरीही ही शिस्त संशोधकाला शोभणारी आहे.

पुढच्या काळातल्या बखरी रसाळ आहेत. पण त्यांतल्या पुष्कळशा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिल्या गेल्या. म्हणून वि. का. राजवाड्यांनी मूळ कागदपत्रांचा आग्रह धरला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. आपल्या भागाचा विचार करायचा, तर यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ चा.

कागद हाती आला म्हणजे तो खराच, असे मात्र नाही. शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष पूर्वी १६२७ मानले जाई. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. पुढे महाराजांचा समकालीन कवी परमानंद याचे 'शिवभारत' छापले गेले. त्यातही तीच तिथी निघाली. एक मराठी टिपण, एक संस्कृत काव्य. दोन्ही स्वतंत्र, म्हणून या मेळाला वजन आले. दहा बखरी एकमेकींवरून उतरवलेल्या असतील, तर त्यांची साक्ष एकच धरावी लागते. बिघडलेल्या तापमापीने दहा वेळा ताप मोजला, म्हणून आकडा खरा ठरत नाही, तसेच हे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. हेमाद्री हा यादवांचा मंत्री. पण चुन्याशिवाय दगडात दगड बसवून मंदिरे बांधण्याची रीत त्याच्याही आधीची आहे. तेव्हा 'हेमाडपंती' या नावावरून मंदिराचे वय ठरत नाही. ज्या मंदिरांच्या शिलालेखांत काळ दिलेला आहे, त्यांच्या खांबांशी, कोरीवकामाशी तुलना करून अंदाज बांधावा लागतो. उद्या एखादा नवा लेख सापडला, तर तो अंदाज बदलेलही. त्यात कमीपणा नाही. विज्ञानातही हेच घडते.

हा अभ्यास वर्गात करता येईल. १९७२ च्या दुष्काळाबद्दल गावातल्या तीन वृद्धांना वेगवेगळे गाठून विचारायला मुलांना सांगावे. सांगणाऱ्याचे नाव, तेव्हाचे वय, स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे लिहावे. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात त्या वर्षी किती मुलांची नावे कमी झाली, तेही पाहावे. तिघांचे बोलणे जुळणार नाही. मुले विचारतील, "सर, मग खोडू का?" त्यांना सांगावे, "खोडू नका. म्हाइंभटांच्या परंपरेने खोडले नाही."