पांढऱ्या कोळशापासून नॅनो-उद्योगापर्यंत

नॅनो-उद्योग कोणत्या मुलुखांत भांडवल ओढतो, ही चर्चा शेतकऱ्यांच्या मासिकांत कित्येकांस अस्थानीं वाटेल. परंतु जेथें कारखाना येतो तेथील जमीन व पाणी आधीं कोणाचें तरी असतें, म्हणून आम्ही ती येथें करीत आहों.

मीटरचे शंभर कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापानें मोजावें लागणारें काम फ्रान्सांत आल्प्स पर्वताच्या कुशींतील ग्रेनोबल परिसरांत चालतें. तेथील बळ केवळ सरकारी सवलतींतून आलेलें नाहीं. १८६९ सालीं आरिस्तीद बेर्जेस यानें जवळच्या लांसे गांवीं डोंगरावरून पडणारें पाणी नळानें आणून कागद-गिरणीचीं यंत्रें चालविलीं. या जलशक्तीस पुढें ‘पांढरा कोळसा’ हें नांव मिळालें. विजेमागून यंत्रांचे कारखाने आले आणि विद्युत्-शिक्षणही तेथेंच रुजलें. आमच्याकडे खोपोलीस १९१५ सालीं सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निघाली, ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, हें सहज आठवतें.

१९५६ सालीं पदार्थविज्ञानवेत्ते लुई नेएल यांच्या पुढाकारानें ग्रेनोबलला अणुसंशोधन केंद्र निघालें. १९६७ सालीं त्यांतून लेती ही संशोधनसंस्था झाली आणि तिच्यांतील संशोधकांनीं १९९२ सालीं सॉइतेक ही कंपनी काढली. २००६ सालीं उघडलेल्या मिनातेक संकुलांत विद्यार्थी, संशोधक व कारखानदार एकाच आवारांत आले. धूळ वर्ज्य असलेलीं दालनें व तेथील महाग यंत्रें नवख्या उद्योजकास एकट्यानें परवडत नाहींत. तीं सामाईक मिळणें हेंच भांडवलदारास मोठें आकर्षण होय. उसाचा चरक सामाईक ठेवणारांस हें निराळें सांगावयास नको.

आतां दुसरी बाजू. सिलिकनची चकती घडवितांना ती वारंवार अतिशुद्ध पाण्यानें धुवावी लागते. २०२२ च्या उन्हाळ्यांत फ्रान्सांत मोठें अवर्षण पडून पाण्यावर निर्बंध आले. एप्रिल २०२३ मध्यें युरोपीय आयोगानें ग्रेनोबलजवळील क्रोल येथील नव्या कारखान्यासाठीं २९० कोटी युरोंच्या सरकारी साह्यास मंजुरी दिली. त्याच महिन्यांत ‘पाणी हवें, चिप नको’ असें म्हणत लोकांनीं क्रोलला मोर्चा नेला. आमच्या मतें हा विरोध विद्येस नव्हता. पाण्याचा हिशेब आधीं उघड मांडला असता तर तो इतका तापता ना.

गुजराथेंत धोलेरा येथें मार्च २०२४ मध्यें अशाच चिप-कारखान्याची पायाभरणी झाली आहे. आपल्या तालुक्यांत तशी मागणी आल्यास पाणी किती व कोठून घेणार, वापरलेलें पाणी कोठें सोडणार आणि दुष्काळीं प्रथम कोणाचा पुरवठा बंद होणार, हें जमिनीचा सौदा होण्यापूर्वीं सभासदांनीं लेखी मागून घ्यावें.