अनवाणी धावण्याआधी

येडशीत पहाटे रामलिंगाच्या रस्त्याला गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदावर गुण अवलंबून आणि गुणांवर नोकरी. यांतली काही मुले भरती महिन्यावर आली की बूट काढून ठेवतात. ‘अनवाणी पाय हलका पडतो,’ असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही. खोटी आहे ती घाई. मी स्वतः बूट सोडून अनवाणी धावू लागलो, त्याला पाच महिने लागले. एवढे महिने का लागावेत, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल, आपण खेड्यातली माणसे. कोजागरीला तुळजापूरपर्यंत अनवाणी चालत जातो, आपल्याला काय शिकवता? परंतु चालणे आणि धावणे यांत मोठा फरक आहे. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात आणि मग शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पायावर येतो. नेहमीच्या धावण्याच्या बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलीमीटर उंच व मऊ असते, म्हणून आपण बेधडक टाचेवर आपटतो. बूट काढला की टाचेला ठणका बसतो आणि पाऊल आपोआप चवड्याकडे सरकते. टाच वाचते, पण तिचा भार पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची बारीक हाडे यांच्यावर जातो.

खरी गोम पुढेच आहे. तळव्याची कातडी काही आठवड्यांत राठ होते. स्नायूंना दोनेक महिने लागतात. हाड मात्र सर्वांत संथ. नवा भार आला की ते आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा भरते. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट नाजूक असते. कातडी म्हणते ‘पळ’, हाड म्हणते ‘थांब’; आणि आपल्याला ऐकू येते ते कातडीचेच. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरावलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांवर आणले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. आमच्या एका मित्राच्या चवड्याच्या हाडाला असाच बारीक तडा गेला आणि त्याची ती भरती हुकली.

लता भगवान करे यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. साठी ओलांडलेल्या या बाईंनी २०१३ साली नवऱ्याच्या उपचारासाठी बारामतीची शर्यत नऊवारी नेसून, अनवाणी धावून जिंकली. पण ते पाय आयुष्यभर शेतमजुरीत राबलेले होते, हे विसरू नये. अबेबे बिकिलाने १९६० साली रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे सर्वांना ठाऊक असते; १९६४ साली टोकियोला तो बूट घालून धावला आणि तीन मिनिटे लवकर पोहोचला, हे कोणी सांगत नाही.

माझा क्रम साधा होता. पहिला महिना घरात व मैदानावर अनवाणी नुसते चालणे, आणि पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा वर-खाली करणे. दुसऱ्या महिन्यात नेहमीचे धावणे बुटातच. शेवटी फक्त २०० मीटर अनवाणी, तेही एक दिवसाआड. पुढे दर आठवड्याला २०० मीटरची भर. अधल्यामधल्या दिवशी सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट. पावले छोटी आणि जलद टाकावीत. जागा मुरमाची, झाडलेली असावी. सराटे आणि बाभळीचे काटे कोणाची गय करीत नाहीत. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. मधुमेह असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

पोटरी एक-दोन दिवस दुखली तर घाबरू नये. पण एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची दुखरी जागा सापडली, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आणि भरती दोन-तीन महिन्यांवर आली असेल, तर ज्या बुटात सराव झाला त्याच बुटात धावावे. अनवाणी धावण्याची हौस निकाल लागल्यावर भागवावी. येडशीची माती कुठे पळून जात नाही.