‘हेम्प’ या नावाची तीन झाडे आणि घरच्या कुंडीतील अंबाडी : महापे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

‘हेम्प’ या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. कोश उघडला तर भांग, ताग, सण, अंबाडी असे निरनिराळे शब्द समोर येतात आणि ते एकाच वनस्पतीचे पर्याय असावेत असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः ही तीन वेगवेगळ्या कुळांतील झाडे आहेत. त्यांपैकी दोन कोणीही आपल्या अंगणात लावावीत. तिसरे लावणे हा गंभीर गुन्हा आहे. घरच्या घरी ‘हेम्प’ लावण्याविषयीचे कुतूहल अलीकडे शहरी भागात वाढलेले दिसते, त्यामुळे नावांचा हा घोळ केवळ भाषिक राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात प्रथम या तिन्ही झाडांतील भेद स्पष्ट करून नंतर महापेसारख्या ठिकाणी गच्चीवर वा सज्जात अंबाडी कशी वाढवावी, याचे विवेचन केले आहे.

एक नाव, तीन वनस्पती

पहिली भांग, म्हणजे ‘कॅनाबिस सटायवा’. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात तीळ, उडीद, जवस यांच्या शेतांबरोबर भंगेच्या शेतासाठीही शब्द सिद्ध करून दिला आहे; म्हणजे त्या काळी हे शेतात घेतले जाणारे पीक होते. दुसरा ताग किंवा बोरू, ‘क्रोटालेरिया जुन्सिया’. हे शेंगवर्गीय झाड मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत साठवते, म्हणून फुलोऱ्यापूर्वी ते हिरवळीचे खत म्हणून गाडतात. (शालेय भूगोलात बंगालच्या ज्यूटलाही ‘ताग’च म्हटले जाते, त्यामुळे गोंधळात आणखी एक भर पडते.) तिसरी अंबाडी, ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, ही जास्वंद, भेंडी व कापूस यांच्या कुळातील.

ब्रिटिश अमदानीतील कागदपत्रांत अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ आणि तागाला ‘सन हेम्प’ म्हटलेले आढळते. याउलट १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने चौकशी केली ती केवळ भांग, गांजा व चरस यांची. एकाच राजवटीत हाच शब्द एका ठिकाणी दोरखंडाचा वाचक होता, तर दुसऱ्या ठिकाणी अमली पदार्थाचा.

कायद्याची चौकट

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्ये ‘कॅनाबिस वनस्पती’ची व्याख्या त्या प्रजातीतील कोणतेही झाड अशी सरसकट आहे. कलम ८ अन्वये तिची लागवड निषिद्ध असून कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रोपांच्या संख्येनुसार किंवा कुंडीत लावल्यामुळे सूट मिळत नाही. ‘भांगेची पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो पानांपुरता बरोबर असला तरी झाड लावण्याला तो लागू पडत नाही. धागा वा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या वाणांसाठी परवाने देण्यास आरंभ केला. मात्र ही व्यवस्था परवानाधारकांसाठी आहे, हौशी बागेसाठी नव्हे.

आणखी एक सापळा ध्यानात ठेवावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अशा बियांची पाकिटे दुकानांत मिळतात. त्या खाण्यास हरकत नाही. परंतु त्यांतील चिमूटभर कुंडीत पेरणे म्हणजे वर सांगितलेल्या कलमाच्या कक्षेत जाणे होय.

अंबाडीची ओळख

शेजाऱ्याने तुमच्या अंबाडीकडे बोट दाखवून ‘हे गांजाचे झाड’ म्हटले, तर त्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही याच साम्यावरून तिला ‘कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी, असे नाव दिले. दोहोंची पाने पंजासारखी व कडा दातेरी असतात. फरक असा, की भांगेचे पान संयुक्त असते व त्याच्या पर्णिका देठाच्या टोकापाशी पूर्णपणे सुट्या असतात. अंबाडीचे पान एकच असून ते कितीही खोल चिरलेले असले तरी तळाशी पाते जोडलेले राहते. अंबाडीची खालची पाने पुष्कळदा अखंड, हृदयाकृती असतात आणि वर जाताना चिरत जातात. खोडावर व देठावर बारीक काटेरी लव असते, पान चावल्यास आंबट लागते. भांगेचा उग्र दर्प तिला नसतो. फुलावर तर शंकाच उरत नाही : फिकट पिवळे, भेंडीच्या फुलासारखे मोठे, मध्यभागी गडद किरमिजी. भांगेच्या हिरवट फुलांना पाकळ्या नसतात.

सरबतासाठी वापरतात ती लाल अंबाडी, ‘हिबिस्कस सब्दरिफा’, ही तिची बहीण. तिचे निदलपुंज मांसल व लाल असतात; धाग्याच्या अंबाडीचे तसे नसतात.

महापे येथील लागवड

महापे हे ठाणे जिल्ह्यातील, पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसलेले गाव, आज टीटीसी औद्योगिक क्षेत्राने वेढलेले आहे. मोकळी जमीन कमी, म्हणून कुंडी वा जुने पिंप हाच व्यवहार्य मार्ग. अंबाडीचे सोटमूळ खोल जाते. किमान एक फूट खोलीचे भांडे घ्यावे व तळाशी पुरेशी छिद्रे ठेवावीत. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाणी कमी पडण्यापेक्षा साचून राहण्याचाच धोका मोठा आहे. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी रेती असे मिश्रण पुरते. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. ऊब व ओल असेल तर आठवड्याच्या आत कोंब वर येतात. दिवसातून सहा तास ऊन मिळत नसेल तर झाड लांबट, लेचेपेचे होते.

पेरणीचा महिना मात्र मनाप्रमाणे निवडता येत नाही, आणि नवख्यांची निराशा बहुधा येथेच होते. अंबाडी ही लहान दिवसाची वनस्पती आहे. दिवस सुमारे साडेबारा तासांपेक्षा मोठा असेपर्यंत ती केवळ उंच वाढते. तो त्याखाली उतरला की कळ्या धरते. महापेच्या अक्षांशावर, साधारण १९ अंश उत्तर, हा टप्पा ऑगस्टअखेरीस येतो. जूनच्या आरंभी पेरलेल्या रोपाला त्यामुळे वाढीला जवळजवळ तीन महिने मिळतात. तेच बी ऑक्टोबरमध्ये पेरल्यास झाड गुडघ्याएवढे होते न होते तोच फुलू लागते. दोष खताचा नसतो, पंचांगाचा असतो. रस्त्यावरील दिव्याचा झोत रात्रभर सज्जात येत असेल तर उलट फुलोरा लांबतो.

भाजी हवी की धागा, हेही आधीच ठरवावे. भाजीसाठी रोप फूटभर झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे बगलफांद्या फुटून पाला वाढतो. धाग्यासाठी शेंडा खुडू नये. रोपे चार बोटांच्या अंतरावर दाट ठेवावीत, म्हणजे ती फांद्या न फोडता सरळ वाढतात आणि साल अखंड लांबीची मिळते. एकाच झाडाकडून दोन्ही अपेक्षा ठेवल्यास काहीच नीट मिळत नाही.

रोगकिडींपैकी पिठ्या ढेकूण सर्वांत त्रासदायक, विशेषतः जवळ जास्वंद असल्यास. आरंभीच कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व किंचित साबण मिसळून फवारावे. बुंध्याशी काळसर कूज दिसली तर ते रोप उपटून टाकणेच शहाणपणाचे, कारण बुरशी साचलेल्या पाण्यातून शेजारच्या रोपांकडे जाते.

पाला, साल आणि बी

जूनच्या पेरणीचा पाला भाद्रपदात ऐन बहरात असतो, आणि ऋषिपंचमीच्या भाजीत अंबाडीला मान आहे. एरवी ती उकडून, पाणी काढून, ज्वारीच्या कण्या किंवा तूरडाळ घालून लसणाच्या फोडणीवर करतात. हे पाणी टाकण्यामागे आंबटपणा कमी करण्याचा हेतू असला तरी त्याबरोबर विद्राव्य ऑक्झलेटही काही अंशी निघून जाते. मूतखड्याचा विकार असलेल्यांनी तरीही बेतानेच खावी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ती शिजवू नये.

धाग्यासाठी झाडे निम्मी फुलली असता बुंध्याशी कापावीत. देशावर शेतकरी अख्ख्या पेंढ्या डोहात बुडवून ठेवत आणि त्या धाग्यापासून दावी, कासरे वळत. सदनिकेत हे शक्य नाही. त्याऐवजी ओली साल पट्ट्यांनी सोलून केवळ तीच बादलीत भिजवावी. पाण्यातील जिवाणू धाग्यांना जोडणारे पेक्टिन विरघळवतात. ऑक्टोबरच्या उष्म्यात त्यास आठ-दहा दिवस लागतात. वास येतो, तो सोसावा लागतो. बादलीवर जाळीचे घट्ट झाकण हवेच, अन्यथा डासांची पैदास होईल. औद्योगिक वसाहतीतील नाल्याचे पाणी यासाठी कदापि वापरू नये. धागा बोटांमध्ये सुटा होऊ लागताच धुऊन सावलीत वाळवावा. अधिक भिजल्यास तो कुजून तुटतो.

दोन-तीन झाडे बियांसाठी न कापता ठेवावीत. बोंडे तपकिरी झाली की हातमोजे घालून तोडावीत, कारण त्यांवरील लव त्वचेला खाज आणते. उन्हात वाळवून झोडपलेले बी कोरड्या बाटलीत भरावे आणि चिठ्ठीवर ‘हेम्प’ असे न लिहिता ‘अंबाडी’ असे स्पष्ट लिहून, पुढील जूनपर्यंत थंड जागी ठेवावे.