भार स्त्रियांचा, निर्णय कोणाचा?

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. या टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, या कामाचा निम्म्याहून कमी नसलेला वाटा स्त्रीचा असतो. ट्रक रात्री दोनला फडावर आला, तर तो रात्री दोनलाच भरावा लागतो. कारण तोडलेला ऊस जितका उशिरा गाळपाला जाईल, तितका साखरेचा उतारा घटतो.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात ज्याला ‘पुरवठा साखळी’ म्हणतात, तिचाच हा एक प्रकार होय. कोणत्या शिवारातील ऊस कोणत्या दिवशी तोडावयाचा, किती टोळ्या लावावयाच्या, वाहने कशी फिरवावयाची, हे सारे गणित कारखान्याच्या गाळपाशी जुळलेले असते. मात्र गणित मांडणारे हात वेगळे आणि मोळी उचलणारे हात वेगळे. टोळी जमवणारा, उचल वाटणारा, कारखान्याशी बोलणी करणारा मुकादम हा बहुधा पुरुषच. जानेवारी 2024 मधील करारात तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले आणि मुकादमाचे कमिशन 20 टक्के ठरले. म्हणजे साखळी चालवण्याच्या कौशल्याला बाजारात किंमत आहे, हे सर्वांनाच मान्य आहे. त्या किमतीत साखळी वाहणाऱ्या स्त्रीचा वाटा किती, हा प्रश्न तेवढा विचारला जात नाही.

वेळेवर येणारे सुटे भाग

हाच प्रश्न आता बीडच्या मुलींपुढे एका निराळ्या उद्योगात उभा आहे. सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची वस्ती वाढली. पलीकडे पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव हा मोटार उद्योगाचा विस्तीर्ण पट्टा आहे. ज्या घरांत कोयत्याशिवाय दुसरे हत्यार नव्हते, त्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींना हे दोन पट्टे खुणावतात.

एका मोटारीत लहानमोठे सुमारे 30 हजार भाग असतात. त्यांतील बहुतेक भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून येतात. जपानच्या टोयोटा कंपनीने ‘हवा तेव्हा, हवा तेवढाच’ माल मागवण्याची पद्धत रूढ केल्यापासून गोदामात महिनोन् महिने साठा करण्याची चाल मागे पडली. त्यामुळे एका भागाचा ट्रक चुकला तरी जुळणीची संपूर्ण लाईन थांबू शकते. 2021 मध्ये नखाएवढ्या चिपांच्या टंचाईने जगभरचे मोटार कारखाने अडखळले, तेव्हा या विभागाचे मोल सर्वांना कळून चुकले. मागणीचा अंदाज बांधणे, पुरवठादार निवडणे, भाव ठरवणे, वाहतुकीची आखणी करणे, साठ्यावर नजर ठेवणे, ही कामे करणारा विभाग वरवर पाहता कारकुनी वाटतो. वस्तुतः कारखान्याची नाडी त्याच्याच हाती असते.

बंदी कोणासाठी होती?

या विभागात स्त्रिया, त्यातही नेतृत्वाच्या जागी, दीर्घकाळ फारशा का दिसल्या नाहीत? शारीरिक बळाचे कारण येथे लागू पडत नाही. तक्ता आखण्यास स्नायू लागत नाहीत. 1974 मध्ये पुण्याच्या टेल्कोने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे स्पष्ट म्हटले होते. त्यावर बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या टेल्कोत अभियंता म्हणून रुजू झाल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

कायद्यानेही भर घातली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सायंकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत स्त्रियांना कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु माल रात्री येतो, रात्रीच उतरतो आणि अडचणही बहुधा रात्रीच उद्भवते. ज्याला रात्रपाळीचा अनुभव नाही, त्याच्याकडे मालपुरवठ्याची सूत्रे जात नाहीत. अशा रीतीने संरक्षणाची भिंत बढतीच्या वाटेतही उभी राहिली. आणि गंमत अशी की, याच कायद्याच्या राज्यात बीडची स्त्री उसाच्या फडात रात्री दोन वाजता ट्रक भरीत होती. तिच्या संरक्षणाची आठवण कोणास झाली नाही. बंदी स्त्रीच्या रात्री काम करण्यावर नव्हती, चांगल्या वेतनाच्या रात्रीच्या कामावर होती, असेच म्हणावे लागते. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षितता व वाहतुकीच्या अटींवर ही मनाई उठवली. 2020 च्या केंद्रीय संहितेनेही स्त्रीच्या संमतीने रात्रपाळीस वाव दिला.

लाईनपासून खुर्चीपर्यंत

याचे परिणाम दिसू लागले आहेत. टाटा मोटर्सच्या पुण्यातील प्रवासी वाहनांच्या कारखान्यात एप्रिल 2020 मध्ये 178 स्त्रिया होत्या. जानेवारी 2022 पर्यंत ही संख्या 1,600 च्या घरात गेली. तेथे ‘हॅरिअर’ आणि ‘सफारी’ या मोटारींची जुळणी करणारी लाईन स्त्रियांकडे सोपवण्यात आली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तथापि लाईनवर किती स्त्रिया आहेत हे जितक्या ठळकपणे सांगितले जाते, तितक्या ठळकपणे खरेदी, नियोजन आणि मालपुरवठ्याच्या प्रमुखपदी किती आहेत हे सांगितले जात नाही. लाईनवर उभे राहणे ही सुरुवात झाली. लाईनला काय, केव्हा आणि कोठून मिळावे हे ठरवणे ही सत्ता झाली.

अमेरिकेतील मेरी बारा यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांचे वडील जनरल मोटर्समध्ये साचे बनवणारे कामगार होते. 1980 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, त्या त्याच कंपनीत मोटारींचे पत्रे तपासण्याच्या कामावर लागल्या. पुढे कंपनीच्या पैशाने शिकल्या, कारखाना सांभाळला, खरेदी व पुरवठा साखळीची जबाबदारी सांभाळली आणि जानेवारी 2014 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. पाठोपाठ लाखो मोटारींतील सदोष इग्निशन स्विचचे प्रकरण बाहेर आले. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या त्या लहानशा भागातील दोष कंपनीतील काहींना वर्षानुवर्षे ठाऊक होता, पण वरपर्यंत पोचला नव्हता. स्त्री खुर्चीवर बसली म्हणजे व्यवस्था आपोआप शुद्ध होते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये, हेच यातून दिसते. पण तळाशी जे ठाऊक असते ते वर पोचणे किती आवश्यक आहे, हेही त्यातूनच दिसते.

ताण कोठे उतरतो?

प्रत्येक पुरवठा साखळीचा एक नियम आहे: वेळेचा ताण वरून खाली सरकत जातो आणि सर्वांत दुबळ्या कडीवर येऊन थांबतो. मोटार कारखाना मोठ्या पुरवठादाराला तगादा लावतो, तो लहानाला, आणि लहान आपल्या कामगाराला. ऊसतोडणीत हा ताण ‘खाडा’ या शब्दात गोठला आहे. एक दिवस चुकला की पैसे कापले जातात. 2019 मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे अनेक कारणे असतील. परंतु पाळीचे चार दिवसही ज्या वेळापत्रकात बसत नाहीत, ते वेळापत्रक आखताना स्त्रीचे म्हणणे विचारले गेले नव्हते, एवढे निश्चित. साखळीच्या नेतृत्वात स्त्री असावी की नसावी, हा म्हणूनच शोभेचा प्रश्न नाही. वेळापत्रकाची किंमत कोणाच्या शरीराने मोजावयाची, याचा निर्णय कोणाच्या हाती असावा, असा तो प्रश्न आहे.

बीडच्या मुलीला त्या खुर्चीपर्यंत नेणारा मार्ग स्वप्नरंजनाने तयार होणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 44 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. उचल जोडीला मिळते, तेव्हा जोडी लवकर जमवण्याचा मोह होतो. अर्थकारणच येथे बालविवाहाचे निमंत्रण देते. म्हणून पहिली गरज आहे ती आईबाप तोडणीला गेल्यावर मुलीला शाळेत टिकवणाऱ्या वसतिगृहांची. दुसरी गरज, जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि वाणिज्य महाविद्यालयांत भांडार-व्यवस्था, साठा-नियोजन, मालवाहतूक यांच्या अभ्यासक्रमांची. तिसरी, कारखान्यांनी लाईनवरच्या मुलींना दोन-तीन वर्षांत भांडार आणि नियोजन विभागांत फिरवण्याची, त्यांना पदविका-पदवी घेऊ देण्याची आणि प्रत्येक श्रेणीतील स्त्रियांची संख्या जाहीर करण्याची. रात्रपाळीसाठी बस आणि राहण्यासाठी खात्रीची जागा ही मेहेरबानी नव्हे. कायद्याने दिलेल्या मुभेची ती दुसरी बाजू आहे.

अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे धावू लागली. रुळांनी माल जातो तशी माणसेही जातात. या गाडीने जाणारी मुलगी केवळ आणखी एक जोडी हात म्हणून जाणार, की पुढे कधीतरी ट्रक केव्हा सुटावा हे ठरवणारी म्हणून परतणार, हे त्या मुलीच्या गुणवत्तेपेक्षा शासन, महाविद्यालये आणि उद्योग या तिघांच्या वागणुकीवर अधिक अवलंबून राहील. भार वाहण्याची तिची क्षमता बीडच्या तीन पिढ्यांनी सिद्ध केली आहे. आता तिच्या हाती वेळापत्रक देण्याची पाळी इतरांची आहे.